नानाय किरिनाचा अखंड पाबासा

पवित्र गुरुवारी सकाळी नानाय किरिनानं दादोला फाटकातूनच परत फिरवलं, कारण त्याचे गुडघे दिसत होते.

दादो आमच्या फिलिपिन्समधल्या बायबाय गावात ट्रायसिकल, म्हणजे बाजूला डबा जोडलेली मोटरसायकल-रिक्षा, चालवतो. एप्रिलच्या उकाड्यात अर्धी चड्डी आणि बास्केटबॉलचा बिनबाह्यांचा बनियन, हा त्याचा ठरलेला वेश. पहाटेपासून बाजाराच्या फेऱ्या मारून तो तसाच आला होता, एका हातात गरम पावांची पिशवी आणि दुसऱ्या हातात चपला. चपला फाटकाबाहेरच काढल्या होत्या बिचाऱ्यानं. पण नानाय, म्हणजे सगळ्या गल्लीची आई, तिचं लक्ष चपलांकडे नव्हतं.

“येशूला खांबाला बांधून मारतायत आणि तू बास्केटबॉल खेळायला आलास?”

“मागं कोपऱ्यात बसतो, नानाय. नुसता ऐकतो.”

“मागच्या वर्षीही नुसता ऐकायलाच आला होतास.”

मागच्या वर्षी एका बाईचा घसा बसला म्हणून त्यानं माइक हातात घेतला आणि पोथीतली दोन कडवी थेट लग्नाच्या पार्टीत गातात तसल्या प्रेमगीताच्या चालीवर म्हटली. गावातल्या कराओकेच्या स्पर्धा दरवर्षी दादोच जिंकतो. ती कडवी वाईट झाली असती, तर नानायनं एक वेळ माफही केलं असतं. पण ती चांगली झाली, ऐकताना दोघीतिघींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मात्र तिला सहन झालं नाही.

तेव्हा पाव आत गेले आणि दादो बाहेर राहिला. घरी मात्र गेला नाही. फाटकासमोरच्या सांतोलच्या झाडावर पाबासाचा भोंगा बांधलेला होता, त्याच्या खाली त्यानं ट्रायसिकल लावली, आत पाय पसरले आणि भोंग्यातून येणाऱ्या प्रत्येक ओळीबरोबर ओठ हलवत बसून राहिला. त्याची आई हयात असताना आत बाकावर बसून गायची. त्याला पोथी पाठ होती ती तेव्हापासून.

पाबासा म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या पोथीचं पारायण. अंगणात मांडव घालायचा, वेदी मांडायची, समोरासमोर दोन बाकं ठेवायची. एका बाकानं एक कडवं म्हणायचं, दुसऱ्यानं पुढचं उचलायचं, दमलेल्यांनी उठून जेवायचं आणि जेवलेल्यांनी येऊन बसायचं. गुरुवारी सकाळी सुरू झालेलं गाणं शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी तीनच्या आत संपवायचं, कारण येशूनं प्राण सोडला ती वेळ तीनची, आणि मधे खंड पडू द्यायचा नाही.

इतर घरांत खंड पडला तर कुणी खाकरतं, कुणी हसतं आणि पुढं चालू होतं. नानाय किरिनाच्या घरी तसं नव्हतं. तिचा एकुलता एक मुलगा एलिसेओ मालवाहू जहाजावर कामाला आहे. पहिल्याच सफरीत त्याचं जहाज वादळात सापडलं आणि बरेच दिवस काही कळेना. तेव्हा तिनं गुडघे टेकून नवस बोलला होता, की पोराला सुखरूप ठेव, मी दरवर्षी अखंड पाबासा घालीन. एली परत आला. तो आनंद तिनं मनापासून साजरा केला, पण त्या दिवसापासून ‘अखंड’ हा शब्द तिच्या काळजाला चिकटला तो चिकटलाच. गाणाऱ्याचा सूर नुसता डळमळला तरी तिला तिकडे जहाज कलल्यासारखं वाटायचं. आम्ही गल्लीतले लोक तिला हसायचो खरे, पण आई होती ती, आणि भीती खरी होती.

भीती खरी असली की नियम वाढत जातात. दरवर्षी एली सुखरूप घरी यायचा आणि दरवर्षी नानाय एक नवा नियम घालायची. बायकांच्या डोक्यावर ओढणी हवी. चाल जुनीच हवी. शुक्रवारी झाडू मारायचा नाही, केस विंचरायचे नाहीत, हसायचं नाही, आणि चूल तर अजिबात पेटवायची नाही. देव मेलेला असताना घरात जाळ कसला करायचा, असं तिचं म्हणणं. पंखा आणि भोंगा चालायचा, ते का, हे तिला विचारायची कुणाची छाती नव्हती. एलीलाही जहाजावर सूट नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा तेव्हा पहिला प्रश्न, मांस खाल्लं नाहीस ना, आणि दुसरा, तीननंतर अंघोळ केली नाहीस ना.

तर, शुक्रवारी चूल पेटणार नाही म्हणून गुरुवारी संध्याकाळीच नानायनं गिनाताआन रांधून ठेवलं. नारळाच्या दुधात रताळी, केळी आणि तांदळाच्या पिठाच्या गोळ्या घालून केलेली ही खीर नसेल तर आमच्याकडे पाबासाला गाणारे मिळत नाहीत. पातेलं एवढं मोठं की फ्रिजचं दार उघडून काही उपयोग नव्हता. माशी पडू नये म्हणून तिनं गरमागरम खिरीवर घट्ट झाकण लावलं, वर धोंडा ठेवला, आणि रात्रभर ती खीर त्या उकाड्यात तशीच राहिली.

शुक्रवारी सकाळी झाकण काढलं ते शेजारच्या आते मेलचोरानं; आते म्हणजे आमच्याकडे ताई. पाबासाचं एक बाक तीच सांभाळायची. तिनं वास घेतला, डाव बुडवून बघितला आणि नानायला हळूच म्हणाली, “जरा आंबूस वाटतंय हो. एक उकळी देऊ या का?”

“आज? चुलीवर?”

“गॅस आहे ना तुमच्याकडे. जाळ म्हणजे कितीसा तो.”

नानायनं तिच्याकडे असं बघितलं की मेलचोरानं डाव गुमान खिरीत सोडला. देवाच्या कामाला केलेलं अन्न नासत नसतं, असं नानायनं सांगितलं आणि वाट्या भरल्या. स्वतः तिचा कडक उपास, पाण्याशिवाय काही नाही. बाकीच्यांनी खाल्लं. पहिल्या घासाला सगळ्यांना कळलं, पण नानाय बाकाच्या टोकाशी उभी राहून वाट्या रिकाम्या होताना बघत होती. लोलो उस्तिंग, म्हणजे आमच्या गावाचे आजोबा, सगळ्या गाणाऱ्यांचे म्होरके. त्यांनी तर दुसरी वाटीही घेतली. नाही म्हणण्यापेक्षा खाणं सोपं, असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता.

पोथीत येशूचा निवाडा होतो त्या पिलाताच्या दरबारापर्यंत सगळं ठीक चाललं. येशूच्या खांद्यावर क्रूस आला आणि डाव्या बाकावरची एक बाई पोटाला हात लावून उठली. ती परतायच्या आत दुसरी उठली. मग उजव्या बाकावरचे दोघं एकदमच उठले आणि कुणी आधी जायचं यावरून त्यांच्यात बोलाचाली झाली, तीही कुजबुजत, कारण गाणं चालू होतं. नानायच्या घरात संडास एक. थोड्याच वेळात मांडवात माणसं कमी आणि परसात जास्त झाली. परसातली रांग वाढली तशी शेजारच्या घरांची दारं वाजायला लागली, आणि डोक्यावर ओढणी घेतलेल्या बाया गल्लीतून अशा पळताना दिसू लागल्या की बघणाऱ्यानं काय समजावं.

नानाय मांडवातून परसात आणि परसातून मांडवात नाचत होती. आधी रांगेत शिस्त लावली, मग आतल्यांना लवकर बाहेर या म्हणाली, मग बाकावर उरलेल्यांना दोन्ही बाजूंची कडवी म्हणायला लावली. दोन दिवस ती ओरडत होतीच. त्यात आता हे. दुपार होता होता बाकावर एकटे लोलो उस्तिंग उरले, दोन्ही गट तेच. येशूला क्रूसावर खिळे ठोकेपर्यंत त्यांनी ताणलं. मग पोथी नानायच्या हातात दिली, म्हणाले, “लेकी, आता माझा इलाज नाही,” आणि काठी न घेताच परसाकडे गेले.

नानायनं माइक उचलला, तोंड उघडलं, आणि आतून नुसती हवा आली. घसा बसला होता. दोन दिवस सगळ्यांना नियम सांगून सांगून स्वतःचा आवाज तिनं संपवला होता, आणि कडवं उचलायला मांडवात दुसरं माणूस नव्हतं. भोंगा नुसताच गुणगुणत होता. तेवढ्यात फाटकाबाहेरून, कुणी न सांगता, पुढची ओळ आली. दादो ट्रायसिकलमध्ये बसूनच म्हणत होता, हलक्या आवाजात, आपल्यापुरती.

नानाय फाटकापाशी धावली. दादोनं शुक्रवारी बनियन बदलला होता, चड्डी तीच होती. त्याची एकुलती एक लांब पँट आईच्या अंत्यविधीला घातलेली, आणि आता ती पोटावर बसत नव्हती. नानायनं क्षणभर त्याचे गुडघे बघितले, मग हातानंच आत ये म्हणून खूण केली. जेवणाच्या टेबलावरचा फुलाफुलांचा कपडा ओढून तिनं त्याच्या कमरेला गुंडाळला आणि मागं गाठ मारली.

“नानाय, येशूच्या शेजारच्या क्रूसावर तो चोर होता ना,” दादो म्हणाला, “त्याच्या अंगावर काय होतं हे कुणी…”

“जुनी चाल,” नानाय घोगऱ्या आवाजात म्हणाली.

“जुनी माझ्या गळ्यात बसत नाही हो. ती आईच्या तोंडी होती, तिच्याबरोबर गेली. मला येते ती तुम्हाला ठाऊकच आहे.”

आता काय करणार? ती चाल नाहीतर शांतता. नानायनं डोळे मिटले आणि मान हलवली.

दादो गायला लागला. गल्लीतली पोट धरून बसलेली माणसंसुद्धा भोंग्याकडे तोंड करून ऐकू लागली, एवढं मी सांगतो. चाल लग्नाच्या पार्टीतली होती, पण माणूस पार्टीत नव्हता. क्रूसावरचा चोर येशूला म्हणतो, तुझ्या राज्यात गेलास की माझी आठवण ठेव, त्या जागेवर दादो दरवर्षी ऐकता ऐकता रडायचा. आज तो माइकवर होता, आणि ती ओळ त्यानं अशी सुरू केली की नानायचेही डोळे भरून आले. चालीचं तिच्या लक्षातही राहिलं नाही.

तेवढ्यात परसातून मेलचोराची हाक आली. लोलो उस्तिंग रांगेत उभे होते ते खाली बसले, आणि बसले ते आडवेच झाले.

दादोनं ओळ अर्धी सोडली. माइक वेदीवर ठेवला आणि धावला. दोन पावलांत टेबलाचा कपडा सुटून पडला, तो कपड्यावरून तसाच पुढं गेला. म्हाताऱ्याला त्यानं उचलून आणलं, मांडवातल्या बाकावर झोपवलं, पाय उंच केले आणि बनियन काढून वारा घालायला लागला.

“पाणी उकळा, नानाय. मीठ-साखर घालून द्यायचंय. आणि आल्याचा पातळ भात टाका, सगळ्यांच्या पोटात काहीतरी गेलं पाहिजे.”

नानाय जागची हलली नाही. ती वेदीजवळ उभी होती, माइकच्या शेजारी. माइक चालूच होता.

“थांबलं,” ती म्हणाली. आवाज एवढा खोल गेलेला, पण भोंग्यानं तो सगळ्या गल्लीत नेला. “दादो, गाणं थांबलं रे. माझा एली समुद्रावर आहे. आता त्याचं काय होईल?”

तिची ही भीती सगळ्यांना माहीत होती, पण तिच्या तोंडून ती कुणी ऐकली नव्हती. ओरडणारी नानाय आम्हाला पाठ होती, ही नव्हती.

तेव्हा बाकावर आडवे पडलेले लोलो उस्तिंग डोळे न उघडताच बोलले. “किरिना, ते दरवर्षी थांबतं.”

“काय?”

“तू कुणाला ओरडायला लागलीस की आम्ही थांबतो. कसं गाणार? तुझा आवाज माइकमधून आमच्यापेक्षा मोठा येतो. तू बोलून संपलीस की पुढचं कडवं उचलतो. ह्या गल्लीला विचार, गेली कित्येक वर्षं लोक पाबासात तुझंच ऐकतायत.”

नानायनं मेलचोराकडे बघितलं. मेलचोरानं ओढणी नीट केली आणि जमिनीकडे बघत मान हलवली. “तुम्हाला बोलताना दुसरं काही ऐकू येत नाही हो,” ती हळूच म्हणाली. “म्हणून कळलं नाही कधी.”

“आणि तरी पोरगा दरवर्षी घरी आला,” लोलो म्हणाले. “आमच्या घशावर तो तरंगत नव्हता, लेकी. ज्याच्यावर तरंगत होता तो काही कडवी मोजत बसलेला नाही. आता कुणी मला पाणी देईल का?”

नानाय खूप वेळ उभी राहिली, असं मेलचोरा सांगते. मला वाटतं फार वेळ नसेल, कारण म्हातारा तहानलेला होता. मग तिनं वेदीकडे तोंड केलं. पोथी बाजूला ठेवली आणि तिच्या त्या फाटक्या आवाजात म्हणाली, “देवा, मी चूल पेटवते. रागवायचं तर माझ्यावर रागव. पोराला तूच बघ. मला नाही जमत.”

एवढंच. वर्षानुवर्षं पाबासा घालणाऱ्या बाईची ही स्वतःच्या शब्दांतली पहिली प्रार्थना असावी, आणि ती भोंग्यातून सगळ्या गावानं ऐकली. माइक बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

गॅस पेटला. पण प्रार्थना ऐकणाऱ्यांनी नुसती ऐकली नाही. कुणी आलं आणून दिलं, कुणी तांदूळ, कुणी पाण्याचे हंडे, समोरच्या घरानं आपल्या संडासाची किल्लीच फाटकाला लटकवून ठेवली. गुड फ्रायडेच्या भर दुपारी नानायच्या स्वयंपाकघरात दोन चुली रटरटत होत्या, मेलचोरा अंगण झाडत होती, कारण झाडणं भागच होतं, आणि समोरच्या किल्लीसाठी पुन्हा भांडण झालं तेव्हा नानाय स्वतः हसली. हसली आणि तोंडावर हात ठेवला. मग हात काढला.

पोथी तीनच्या आत संपली नाही. पातळ भात पोटात गेल्यावर बाकं पुन्हा भरली आणि दादोनं त्या चोराची अर्धी राहिलेली ओळ पूर्ण केली, उघड्या गुडघ्यांनी, आणि बाकीच्यांनी त्याचीच चाल उचलली, कारण आता ती सगळ्यांच्या तोंडात बसली होती. लोलो उस्तिंग आडवे पडूनच जुन्या चालीत गात राहिले. दोन्ही चाली एकमेकींत अडकल्या, कुठं कुठं तर फारच वाईट अडकल्या, आणि येशूला कबरीत ठेवेपर्यंत उन्हं गावाशेजारच्या तळ्यावर उतरली होती.

संध्याकाळी फोन वाजला तेव्हा नानाय पायरीवर बसून पहिला घास घेत होती. फोन मेलचोरानं तिच्या कानाशी धरला, कारण दुसऱ्या हातात वाडगा होता. तिकडे एली धास्तावलेलाच असायचा ह्या दिवशी. त्यानं आधी विचारलं, पाबासा नीट झाला ना.

“नाही झाला. थांबला.”

“थांबला म्हणजे? मग आता?”

“आता काही नाही. तू बरा आहेस ना?”

“बरा आहे.”

“जेवलास?”

एली अपराध्यासारखा हळू आवाजात म्हणाला, “जेवलो. पण नानाय, आमचा आचारी आपल्याकडचा नाही गं. त्याला हा शुक्रवार माहीतच नाही. त्यानं कोंबडी केली होती. दुसरं काहीच नव्हतं, आणि मला भूक लागली होती.”

नानायनं पायरीवरून मांडवाकडे बघितलं. लोलो उस्तिंग बाकावर झोपले होते, त्यांच्या अंगावर तो फुलाफुलांचा टेबलाचा कपडा होता, आणि दादो उरलेला पातळ भात गल्लीत वाटायला ट्रायसिकलमध्ये चढवत होता.

“पोटभर खाल्लीस ना?” ती म्हणाली.